आजीची ओव्यांची वही, दोन चिनी पुस्तकं आणि मेन रोडच्या बोळातले बाइंडर काका

हा रिव्ह्यू टाकायला उशीर झालाय. काम हातात येऊन दीड महिना झाला, पण रोज रात्री जेवणं उरकली की तीच पुस्तकं उघडून बसते आणि लिहायचं राहून जातं. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, लिहूनच टाकते.

दुकानाचं नाव देत नाहीये. काकांनीच सांगितलं नका देऊ ताई, आहे तेवढंच काम उरकत नाही, आणि एकटा माणूस आहे म्हणून मी त्यांचा शब्द मोडणार नाही. नाशिकच्या मेन रोडच्या आत एका बोळात जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत दुकान आहे, बोर्ड नाही, दारातच लोखंडी कटिंग मशीन दिसतं आणि खळीचा वास येतो. भांडी बाजाराकडून आलात तर कोणालाही विचारा, दाखवतात.

काम तीन प्रकारचं दिलं होतं. एक म्हणजे चिनी ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या जेम्स लेग यांच्या दोन जुन्या पुस्तकांचे प्रिंटआऊट, १८६१ चं कन्फ्यूशसच्या संवादांचं आणि १८७१ चं चिनी कवितांचं, दोन्ही हाँगकाँगला छापलेली, आता कॉपीराइट संपलाय आणि स्कॅन फुकट मिळतात. दुसरं म्हणजे माझ्या नोट्सचे सुटे कागद, चार वर्षांचे, तीन फाइलींमध्ये कोंबलेले. आणि तिसरं, ज्याची सगळ्यात जास्त भीती होती, ते म्हणजे आजीची ओव्यांची वही, जिचा पुठ्ठा वाळवीने खाल्लाय आणि पानं हाताला लागली की कोपरे तुटतात.

आधी सांगते की अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये काम करणारी बाई चिनी कवितांकडे कशी वळली, कारण काकांनीही पहिल्या दिवशी तेच विचारलं. चार वर्षांपूर्वी सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आपल्या १८४० सालच्या सावानामधून, हालाची गाथासप्तशती आणली होती. सातवाहन राजा, महाराष्ट्री प्राकृत, गोदावरीचं नाव जागोजागी, म्हटलं आपल्याच मातीतलं आहे, पांडवलेणीत ज्या घराण्याचे लेख कोरलेत त्याच घराण्याच्या नावावरचं पुस्तक. सुरुवातीलाच एका गाथेत म्हटलंय की कोटी गाथांमधून या सातशे निवडल्या. कोटी हा शब्द अलंकार म्हणून सोडून द्या, पण उरलेल्या गेल्या कुठे हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. मग वाचत गेले की जुन्या कविता टिकतात कशा, कोण टिकवतं, आणि वाचता वाचता चीनमध्ये जाऊन पोचले कारण तिथे या प्रश्नाचा जेवढा माग काढलाय तेवढा मला दुसरीकडे दिसला नाही.

काकांना मी पहिल्यांदा जी गोष्ट सांगितली तीच इथे सांगते. कन्फ्यूशसच्या संवादांमध्ये नवव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी एका कवितेच्या चार ओळी येतात. फुलं कशी डोलतायत, उलटतायत, मला तुझी आठवण येत नाही असं नाही गं, पण तुझं घर फार लांब आहे. आणि त्यावर कन्फ्यूशस म्हणतो की याला आठवण येतच नव्हती, आली असती तर लांब काय आणि जवळ काय. बस, एवढंच. पण ही कविता चिनी लोकांचा जो सगळ्यात जुना कवितासंग्रह आहे, शिचिंग, ३०५ कवितांचा, त्यात नाहीच. कुठेच नाही. ज्याला ती पटली नाही त्याने नापसंती दाखवताना म्हणून दाखवली, शिष्यांनी लिहून घेतली, आणि तेवढ्यामुळे अडीच हजार वर्षांनी नाशिकमधल्या एका बोळात मी ती बोलून दाखवू शकते. अशा कवितांना चिनीत वेगळं नावच आहे, यीशी, म्हणजे संग्रहातून निसटलेल्या कविता. त्याच संवादांत तिसऱ्या प्रकरणात गोड हसणं आणि रेखीव डोळे अशा तीन ओळी शिष्य विचारतो, त्यातल्या पहिल्या दोन संग्रहात सापडतात, तिसरी सापडत नाही.

काका खळ ढवळत होते. म्हणाले, म्हणजे भांडण केलं म्हणून वाचली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, कारण नेमकं तेच आहे. आपल्याकडे चार्वाकांचंही असंच झालं ना, त्यांचं स्वतःचं मूळ लेखन हाती नाही, जे आहे ते त्यांना खोडून काढणाऱ्यांनी पूर्वपक्ष म्हणून दिलेलं आहे. विरोधकाने प्रामाणिकपणे समोरच्याचं म्हणणं आधी मांडलं म्हणून ते राहिलं.

तर कामाबद्दल. लेगचे प्रिंटआऊट मी कॉलेज रोडवरून पाठपोट काढून नेले होते, सुटी पानं, आणि काकांनी बघताच डोकं हलवलं. सुट्या पानांची जुजबंदी होत नाही. बाजूने भोकं पाडून शिवलं तर एवढं जाड पुस्तक सपाट उघडणार नाही, सारखं हाताने दाबून धरावं लागेल, आणि गरम गोंदाने चिकटवलं तर आपल्या उन्हाळ्यात दोन वर्षांत पानं हातात येतील. त्यांनी समजावलं की बुकलेट सेटिंगला प्रिंट काढा, चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानांचा एक जुज होतो, असे जुज एकावर एक ठेवून दोऱ्याने एकमेकांत शिवायचे, मग पुस्तक ताटासारखं उघडं राहतं. दुसऱ्यांदा प्रिंटचे पैसे गेले, वाईट वाटलं, पण ते बरोबर होते. तुम्ही जाणार असाल तर आधी त्यांना विचारा आणि मग प्रिंट काढा, आणि आतल्या बाजूला मार्जिन भरपूर सोडा.

माझ्या नोट्सच्या सुट्या कागदांना मात्र दुसरा इलाज नव्हता. ते प्रत्येक दोन कागद एका पातळ पट्टीने जोडून, त्याची जोडपानं करून, मग शिवले. तीन फाइलींचं हे काम हाताने. त्याचे त्यांनी जेवढे पैसे घेतले ते मला कमी वाटले आणि मी तसं म्हटलंही, त्यांनी ऐकलं नाही.

त्या नोट्समध्ये जास्त करून एकाच माणसाबद्दल आहे, ली शान. याच्याबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तर खाली रेट दिलेत तिथे जा.

सहाव्या शतकात दक्षिण चीनमध्ये ल्यांग घराण्याचा एक युवराज होता, श्याओ थोंग, जन्म ५०१ चा आणि गेला ५३१ ला, म्हणजे तिशीतच. त्याच्या वाड्यात जवळजवळ तीस हजार गुंडाळ्या होत्या, तेव्हा पुस्तक म्हणजे गुंडाळी. त्याने आधीच्या काळातल्या कविता आणि गद्य निवडून तीस भागांचा एक संग्रह केला, वन श्वेन, त्यात सुमारे १३० लेखकांच्या सातशेहून जास्त रचना. ज्यांचे कवी कोणालाच माहीत नाहीत अशा एकोणीस जुन्या कविता आहेत त्या या संग्रहामुळे एकत्र राहिल्या, त्यातली एक आकाशगंगेच्या दोन काठांवरच्या दोन ताऱ्यांची आहे, मधे एवढंसं पाणी आणि तरी एक शब्द बोलता येत नाही. रामकुंडावर संध्याकाळी उभी राहिले की मला ती आठवते.

आता बघा, हा युवराज गेला आणि पुढे पंचवीसेक वर्षांत त्याचाच भाऊ, तो तेव्हा सम्राट झालेला, शत्रूने राजधानीला वेढा घातल्यावर ५५४-५५ च्या हिवाळ्यात त्याने स्वतःचं ग्रंथालय पेटवून दिलं. १,४०,००० गुंडाळ्या असा आकडा इतिहासात दिलाय. एकाच आईबापाची नाही पण एकाच बापाची दोन मुलं, एकाने निवडून जपलं आणि दुसऱ्याने सगळं जाळलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसमधून घरी येताना त्र्यंबक नाक्यापर्यंत तेच डोक्यात होतं, सिग्नल सुटलेला कळला नाही.

आणि मग सातव्या शतकात हा ली शान. त्याने या संग्रहावर टीका लिहिली आणि ६५८ मध्ये थांग सम्राटाला सादर केली. तीस भागांचे साठ झाले. आपण टीका म्हटलं की अर्थ, भावार्थ, रसग्रहण अशी अपेक्षा करतो, या माणसाने तसं फार केलंच नाही. कवीने एखादा शब्द वापरला की तो शब्द त्याच्या आधी कोणी, कुठे वापरला होता ते पुस्तकाच्या नावासकट ली शान उतरवून देतो. एक ओळ कवितेची आणि खाली चार ओळी जुन्या पुस्तकांतल्या. त्याने स्वतःच एका ठिकाणी सांगितलंय की मी आधीचं देऊन नंतरचं स्पष्ट करतो, म्हणजे लिहिणाऱ्याने कोणाच्या पावलावर पाऊल टाकलंय ते दिसेल. अशी सोळाशे-सतराशे पुस्तकं त्याने उद्धृत केलीत. आणि त्यातली कितीतरी, कितीतरी आज नाहीत. पहिल्या शतकातल्या हुआन थान नावाच्या विचारवंताचं पुस्तक गेलं, ली शानच्या टिपांमध्ये तुकडे आहेत. छिन काळात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात, मुलांना अक्षरं शिकवायला केलेलं छांगच्ये नावाचं अक्षरपुस्तक गेलं, त्याचे तुकडे आहेत. शिचिंगच्या अर्थाच्या पूर्वी चार परंपरा होत्या, आज पूर्ण राहिली ती एकच, माओ नावाची, पण त्या चारांतल्याच हान परंपरेचा पाठ ली शानच्या हाताशी होता आणि तो तिच्यातलं देतो, आणि म्हणून आपल्याला कळतं की तीच कविता दुसरे लोक वेगळ्या शब्दांनी म्हणत होते.

यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. युवराजाने प्रस्तावनेत स्पष्ट म्हटलं होतं की धर्मग्रंथ, तत्त्वज्ञांची पुस्तकं आणि इतिहास मी घेत नाही, मला फक्त साहित्य घ्यायचंय. सव्वाशे वर्षांनी ली शानने तेच सगळं तळटिपांच्या दाराने आत आणलं. वर कविता आणि खाली अख्खं ग्रंथालय.

त्याच्या हयातीत आणि नंतरही लोकांना हे आवडलं नाही. त्याला पुस्तकांची पेटी असं टोपणनाव पडलं होतं, म्हणजे भरलंय खूप पण स्वतःला छान लिहिता येत नाही. ७१८ मध्ये पाच अधिकाऱ्यांनी मिळून नवी टीका सादर केली आणि सम्राटाला सांगितलं की ली शान नुसते संदर्भ देत बसतो, अर्थ सांगत नाही, आम्ही अर्थ सांगितलाय, आणि सम्राट खूष झाला. मला ते समजू शकतं, कविता वाचणाऱ्याला अर्थच हवा असतो, मलाही सुरुवातीला ली शान कोरडा वाटला होता. पण तेराशे वर्षांनी ज्यांना हरवलेली पुस्तकं शोधायची असतात ते त्या पाच जणांकडे जात नाहीत, ली शानकडे जातात. आणि छिंग काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकापासून पुढच्या, पंडितांनी तर अशा टिपांमधून आणि जुन्या विषयवार कोशांमधून वाक्य वाक्य वेचून हरवलेली पुस्तकं पुन्हा जुळवायचा उद्योगच केला, तुकडे का होईना पण पुस्तकाच्या नावाखाली पुन्हा एकत्र आले.

हे सगळं मी सांगतेय कारण आजीची वही.

माझी आजी निफाडकडची. चौथीपर्यंत शिकलेली. तिने जात्यावरच्या ओव्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, पेन्सिलीने, काही शाईने, दोनशेच्या वर असतील. लहानपणापासून ती वही बघत आलेय पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. जवळजवळ प्रत्येक ओवीच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय ही कोणाची. थोरल्या नणंदेची. ओझरच्या काकूची. वाटेत भेटलेल्या बाईची. आईची, आईला तिच्या आईची. एके ठिकाणी तर ओवी दिलीय आणि खाली लिहिलंय, चुलत सासूबाई दुसरी ओळ वेगळी म्हणतात, आणि ती वेगळी ओळही दिलीय. हालाच्या गाथा वाचल्या नसत्या, ली शान वाचला नसता तर मी ते बारीक अक्षर कधी वाचलंच नसतं, पान उलटून पुढे गेले असते, जसे घरातले सगळे जात आलेत. ओव्या एकवेळ दुसरीकडेही मिळतील, गोळा केल्यात लोकांनी. पण ओझरच्या काकूने ही म्हटली होती हे जगात फक्त या वहीत आहे. ती काकू कोण, नाव काय, मला घरात कोणीही सांगू शकलं नाही.

म्हणून वही काकांच्या हातात देताना मी तीनदा सांगितलं की बाजूचं अक्षर कापलं जाता कामा नये. बाइंडिंग झालं की तिन्ही बाजू मशीनवर कापून सरळ करतात, त्यात मार्जिनचं जातं. काकांनी वही हातात घेतली, पानं न उलटता नुसती कडेने बघितली आणि म्हणाले ही मशीनला लावायचीच नाही. कडा वेड्यावाकड्याच राहतील, चालेल ना. मी म्हटलं पळेल.

हे कापण्याचं प्रकरण चिनी संग्रहांतही आहे म्हणून लक्षात राहिलं. ६२४ मध्ये ओउयांग श्युन आणि बाकीच्यांनी शंभर भागांचा एक कोश केला, ईवन लेइच्यू, विषयवार, पाऊस म्हटलं की पावसावरचं सगळं जुनं गद्य आणि कविता एका जागी, सुमारे चौदाशे पुस्तकांतून घेतलेलं. कितीतरी कविता आज फक्त त्यात आहेत. पण कोश म्हटल्यावर जागेची मर्यादा, त्यामुळे लांब रचना मधूनमधून छाटून घेतलेल्या, आणि छाटलंय कुठे ते सांगितलेलं नाही. म्हणजे हातात आठ ओळी आहेत पण मुळात त्या आठच होत्या की चाळीस ते कसं कळणार. जिथे तीच रचना वन श्वेनमध्येही पूर्ण आली आहे तिथे दोन्ही शेजारी ठेवले की कळतं कात्री कशी चालते. उद्धृत म्हणजे जपलेलं हे खरं, पण जपणाऱ्याने स्वतःच्या कामापुरतं जपलेलं, हे कायम ध्यानात ठेवायला लागतं. कन्फ्यूशसने तरी ती चार ओळींची कविता पूर्ण म्हटली होती का.

आता वहीचा पुठ्ठा. तो आजोबांनी कधीतरी बांधून आणला होता, पन्नासेक वर्षं तरी झाली असतील. काकांनी तो फेकला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून थर सोडवले. मला माहीत नव्हतं, पूर्वी पुठ्ठा कमी पडला की रद्दीचे कागद खळीने एकावर एक चिकटवून जाड करायचे. पहिल्या थरात पंचांगाचं पान. मग कोणाच्या तरी शाळेच्या वहीतली भागाकाराची गणितं. मग लासलगावची कांद्याची पट्टी, वजन, हमाली, तोलाई, सगळं लिहिलेलं, आजोबांच्या नावाची. काकांनी ती उलटी केली आणि गप्पच बसले. मागे पेन्सिलीने आजीचं अक्षर.

दळण दळीते, पीठ पडं भरारा
माझ्या माहेराचा, आला सांगावा दुपारा

शेजारी लिहिलंय, ओझरच्या काकूची. वहीत ही ओवी नाही, मी घरी येऊन सगळी वही शोधली, नाही. सुचली किंवा ऐकली तेव्हा हाताशी जो कागद होता त्यावर लिहिली असणार, वहीत उतरवायची राहिली, आणि आजोबांनी बाइंडरला रद्दी म्हणून तोच कागद दिला. कांद्याचा हिशोब होता म्हणून काही दिवस घरात राहिला आणि पुठ्ठ्यात गेला म्हणून पन्नास वर्षं राहिला.

मी तिथे स्टुलावर बसून रडले, लपवत नाही. काकांनी चहा मागवला.

चहा पिताना मी त्यांना तुर्फानची गोष्ट सांगितली. चीनच्या वायव्येला वाळवंटात आस्ताना म्हणून जुनं स्मशान आहे, तिथे मेलेल्या माणसांना कागदाचे बूट, टोप्या घालून पुरायचे आणि ते बूट रद्दी कागदाचे, सरकारी हिशोब, करार, असं सगळं. हवा कोरडी म्हणून टिकलं आणि संशोधकांनी बूट उसवून कागद वाचले. त्याच स्मशानात १९६९ मध्ये एका थडग्यातून ७१० सालची एक गुंडाळी निघाली, पू थ्येनशोउ नावाच्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्याने हाताने उतरवलेले कन्फ्यूशसचे संवाद, आणि त्यासोबत चंग श्वेन या मोठ्या पंडिताची टीका. ती टीका शेकडो वर्षांपूर्वी हरवली होती, दुसऱ्यांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच माहीत होती, आणि एका शाळकरी पोराच्या गृहपाठात तिचा मोठा भाग परत मिळाला. वर त्या पोराने शेवटी स्वतःच्या चार ओळी लिहिल्यात, की आज पुस्तक लिहून झालं, गुरुजी उशीर झाला म्हणू नका, उद्या सुट्टी आहे, आम्हाला लवकर घरी सोडा. काका इतके हसले. म्हणाले, आमचा नातू अगदी असाच.

काकांनी पट्टी, पंचांगाचं पान, गणितं, सगळं ब्लॉटिंग पेपरमध्ये वाळवून, नव्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक खिसा करून त्यात घालून दिलं. सांगितलं नव्हतं, पैसे घेतले नाहीत. नवीन पुठ्ठ्याला कापड खादीचं लावलंय, मरून रंगाचं, आणि खळीत मोरचूद घातलाय म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही. पानांचे तुटके कोपरे पातळ टिश्यूसारख्या कागदाने मागून जोडलेत, पेन्सिलचं अक्षर कुठेही पुसलेलं नाही. मी भिंग घेऊन बघितलं.

तक्रारीही आहेत, त्या लिहायला हव्यात. आठ दिवस म्हणाले होते, लागले सव्वीस. पाऊस होता हे खरं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी गेलं होतं त्या आठवड्यात खळ वाळतच नव्हती, आणि ओल्या खळीवर पुठ्ठा दाबला तर बुरशी येते त्यामुळे घाई न केली ते बरंच. पण काका फोन उचलत नाहीत, दुकानात गेल्याशिवाय काही कळत नाही, आणि मेन रोडला गाडी लावायला जागा नाही त्यामुळे प्रत्येक चकरेला तासभर जातो. मी चार चकरा मारल्या. दुसरं म्हणजे लेगच्या दोन्ही पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी नावं अदलाबदल झाली, संवादांवर कवितांचं नाव आणि कवितांवर संवादांचं. दाखवल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं, पाठीची पट्टी नवी लावून दिली, पण त्यात अजून चार दिवस. आणि कवितांच्या पुस्तकात एक जुज उलटा शिवला गेलाय, सोळा पानं डोकं खाली. ते मी घरी आल्यावर बघितलं आणि परत नेलं नाही, तेवढ्यासाठी अख्खी शिवण उसवायला लागली असती.

ते कवितांचं पुस्तक उघडलं की एक पान हटकून निघतं, ते सांगून रेट लिहिते. शिचिंगमध्ये ३११ कवितांची नावं आहेत आणि कविता ३०५. सहा कवितांचं फक्त नाव राहिलंय, शब्द गेले. इ.स.पू. २१३ मध्ये छिन सम्राटाने पुस्तकं जाळायचा हुकूम काढला त्यात या कवितासंग्रहाचाही समावेश होता, आणि हान घराण्याच्या इतिहासात तो लिहिणारा बान कू म्हणतो की बाकीच्या ग्रंथांचे हाल झाले पण कविता पूर्ण राहिल्या कारण त्या नुसत्या बांबूवर आणि रेशमावर नव्हत्या, लोकांच्या तोंडात होत्या. ज्यांनी दळताना म्हटलेल्या ओव्या ऐकल्यात त्यांना हे वाक्य समजावून सांगायला लागत नाही. त्या सहा कवितांच्या जागी लेगने फक्त नावं दिलीत, कविता नाहीत. काकांनी जुज तपासताना विचारलं होतं, ताई इथे छापायचं राहिलंय का.

रेट असे. जुजबंदी, कापडी पुठ्ठा, पाठीवर नाव, लेगच्या प्रत्येक पुस्तकाचे ४५० रुपये. सुट्या नोट्सचे जोडपानं करून तीन खंड, मिळून ९००. आजीच्या वहीचे फक्त ३००, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागलाय. साधी वही किंवा शाळेचं पुस्तक बांधायचं तर ऐंशी-शंभरात होतं. स्पायरल करत नाहीत. यूपीआय चालतं, नातवाने लावून दिलंय. सोमवारी बंद. सकाळी अकराच्या आत गेलात तर बोलायला वेळ देतात, दुपारनंतर शाळांची कामं असतात. थिसिसची घाई असेल तर इथे जाऊ नका, कॉलेज रोडला दोन तासांत होतं. जुनी वही, पोथी, आजोबांची डायरी, हिशोबाची चोपडी असं काही असेल तर मात्र इथेच जा, आणि पुठ्ठा काढताना समोर बसा.

आणि एक, मागे कोरी पानं हवीत का असं त्यांनी विचारलं होतं, मी वहीला चाळीस जोडून घेतली. ओझरला मावशीची एक जाऊ राहते, नव्वदीची आहे, तिला फोनवर ती कांदापट्टीवरची ओवी म्हणून दाखवली. ती म्हणाली दुसरी ओळ अशी नाही. तिची ओळ लिहून घेतली आहे, शेजारी तिचं नाव, आणि ती कोणाकडून शिकली तेही, तिच्या सासूकडून. सासूचं नाव तिला आठवायचंय, येत्या शनिवारी मी जाणार आहे.